दोन बंद कान

विमान उडवायला लागल्यापासून मला माझ्या शरीराबद्दल जेवढं कळलंय, तेवढं त्याआधीच्या सगळ्या आयुष्यात कळलं नव्हतं. जमिनीवर शरीर गप्प असतं. वर गेलं की ते बोलायला लागतं, आणि बऱ्याचदा चक्क खोटं बोलतं. मला त्याचा राग येत नाही. उलट आज काय नवीन थाप मारतंय, याची उत्सुकता असते.

पहिली गंमत जिभेची. उंचावर हवा इतकी कोरडी असते की नाक सुकतं, आणि नाक सुकलं की जिभेचं निम्मं काम बंद पडतं. वरणाला वरणाची चव लागत नाही, चहा नुसता गरम लागतो. आमच्या तामलवाडीहून आई शेंगांची चटणी बांधून देते, लसूण आणि तिखट सढळ हातानं घातलेली. तेवढी एक चव वरपर्यंत टिकते. एकदा शेजारच्या सीटवरच्या कॅप्टननी ती पोळीबरोबर खाल्ली, डोळे पुसले आणि उतरेपर्यंत माझ्याशी फार आदरानं वागले.

दुसरी गंमत पोटाची, आणि ती चारचौघांत सांगण्यासारखी नाही. वर हवेचा दाब कमी होतो, तशी पोटातली हवा फुगते. ड्यूटीच्या आदल्या दिवशी मी मटकी, हुलगे, हरभरा काही खात नाही. हे आईला पटवायला मला विमान शिकण्याइतकाच वेळ लागला. "एवढ्या शिकलेल्या बाईला मटकी सोसंना व्हय?" असं ती अजून म्हणते, आणि हुलग्याचं माडगं केलं की वाटी हटकून माझ्यासमोर ठेवते.

पण सगळ्यात मोठा थापाड्या म्हणजे कान. आपल्याला वाटतं कान फक्त ऐकतो. तो ऐकण्याशिवाय तोलही सांभाळतो, आणि ढगात शिरलं की या तोलाच्या कामात तो बेधडक फसवतो. बाहेर पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही. तुम्ही एक लांब वळण घेऊन विमान सरळ करता, आणि आतला कान ठासून सांगतो की आपण दुसऱ्या बाजूला कलंडतोय. सगळं अंग त्याच्या बाजूनं साक्ष देतं. समोरची तबकडी मात्र सांगते, सरळ आहोत. अशा वेळी अंगाचं ऐकायचं नाही, तबकडीचं ऐकायचं, हे शिकताना मला घाम फुटला होता.

हे मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वासच बसेना. अण्णांनी सगळी नोकरी बस चालवण्यात काढली, जास्त करून सोलापूर–तुळजापूर. त्यांची गाडी ते बुडानं चालवत. टायरमध्ये हवा कमी आहे हे त्यांना सीटवरून कळायचं, ब्रेक तापलाय हे तळपायाला कळायचं.

"अंगावर भरवसा ठिवायचा न्हाय, मग ठिवायचा कशावर?" त्यांनी विचारलं.

"तबकडीवर."

"ती बिघडली तर?"

"दुसरी असते."

"मग दुसरं अंग कुठून आनायचं?" असं म्हणून ते तंबाखू मळायला लागले.

गेल्या थंडीत त्या थापाड्या कानानं मला खरंच अडचणीत आणलं. मला सर्दी होऊन गेली होती. गेली, असं मला वाटलं होतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही वाटलं होतं. वर जाताना काहीच झालं नाही. खाली उतरताना मात्र डावा कान गच्च बसला. मी गिळून पाहिलं, जांभया दिल्या, नाक दाबून फुंकलं. कान काही उघडेना. कुणीतरी पडदा चिमटीत धरून आत ओढतंय, अशी कळ डोक्यापर्यंत गेली. मी कॅप्टनना सांगितलं, त्यांनी सगळा कारभार स्वतःकडे घेतला, आणि मी डोळ्यांतलं पाणी गालावर येऊ न देता मुकाट बसून राहिले. विमान टेकलं, प्रवासी उतरले, पण माझा कान काही जमिनीवर आला नाही.

कानाच्या डॉक्टरनी आत पाहून सांगितलं की पडदा फाटलेला नाही, पण लाल झालाय आणि आत ओढला गेलाय. कानातून घशाकडे जाणारी हवेची वाट सुजून बंद झाली होती. औषधं घ्या, कानात काहीही घालू नका, उडू नका आणि वाट पहा.

वाट पाहायला माझी हरकत नव्हती. पण माझी वर्षाची वैद्यकीय तपासणी तोंडावर आली होती. वैमानिकाला दर वर्षी डोळे, रक्त, छाती आणि कान घेऊन डॉक्टरांसमोर उभं राहावं लागतं, आणि कानाची परीक्षा तर एका बंद खोक्यात होते. आत बारीक आवाज येतात, ऐकू आला की बटण दाबायचं. तिथे अंदाज चालत नाही की हुशारी चालत नाही. कान बंद राहिला असता तर कागदावर ‘अपात्र’ आलं असतं. सुरुवातीला तात्पुरतं, पण ऐकण्याची नस दुखावली असली तर कायमचं. डॉक्टर तसं स्पष्ट बोलले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि "बघू या" म्हणाले. मला त्या पुसण्याची भीती वाटली. विमानाशिवाय मला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही करायची इच्छाही नाही. मी रजा टाकली आणि तामलवाडीला आले.

आईनं दारातच निदान केलं. "वरचं वारं कानात शिरलंय." मी म्हटलं, शिरलं नाही गं, शिरत नाहीये, हेच तर दुखणं आहे. पण तोवर ओव्याची धुरी पेटली होती. शेजारच्या काकू येऊन गरम विटेचा शेक सुचवून गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते, डोळा लागत होता, आणि नाकाला लसणाचा वास आला. कान बिघडला तरी नाक शाबूत होतं. डोळे उघडले तर वाटी आणि चमचा माझ्या कानावर आलेले. तेलात लसूण चांगला लाल करून, कोमट करून, आई अगदी मायेनं माझं करिअर संपवायला बसली होती.

"डॉक्टरनी काही घालायचं नाही म्हणून सांगितलंय!" मी ओरडले.

"त्येला काय ठाऊक? तुज्या लहानपनी ह्येच घालत हुते की म्या."

मी तिला लागेल असं बोलले. ती वाटी घेऊन उठली आणि संध्याकाळी ते तेल तिनं भाजीत वापरून टाकलं. भाजी छान झाली होती, हे मी कबूल केलं नाही.

एक कान बंद झाला की काय होतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. अनुभव निराळाच होता. आवाज कमी होतो हे खरं, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आवाजाची जागा हरवते. आवाज कुठून आला हे दोन कान मिळून ठरवतात. एकटा कान नुसतं सांगतो की कुणीतरी बोललं. कोंबडा ओरडला की मी रस्त्याकडे बघायची. रस्त्यावर ट्रक वाजला की कोंबड्याकडे. एक खेळच झाला तो माझा. अंगणात उभं राहून डोळे मिटायचे, आवाज आला की बोट दाखवायचं, मग डोळे उघडून आपण किती चुकलो ते बघायचं. माझा उजवा कान सगळं जग उजवीकडेच आहे असं धरून चालला होता.

अशीच उभी असताना आईनं मागच्या दारातून हाक मारली, "चहा झालाय, येता का न्हाय?" मी गर्रकन उजवीकडे वळले, म्हणजे चुकीच्या बाजूला. डोळे उघडून पाहते तर बाजेवर बसलेले अण्णाही वळले होते. तेही चुकीच्या बाजूला, डावीकडे. मागच्या दाराकडे दोघांपैकी एकानंही बघितलं नव्हतं. आम्ही आपापल्या दिशांना बघत राहिलो आणि आई मधून चहा घेऊन आली.

मी चहा घेतला आणि अण्णांकडे नीट बघायला लागले. बघण्याची सवय कामाची आहे, तबकड्यांवरून नजर फिरवत राहायची. ते बाजेच्या उजव्या टोकाला बसत, म्हणजे येणारा माणूस आपोआप त्यांच्या डाव्या हाताला बसे. पारावरही तसंच. चालताना ते नेहमी माझ्या उजव्या बाजूनं चालत, मी त्यांच्या डावीकडे. फोन डाव्या कानाला. लहानपणी मी त्यांच्या गाडीत बॉनेटवर बसायची, तेही त्यांच्या डावीकडेच, इंजिनाची ऊब बुडाला लागेपर्यंत. हे सगळं मी इतकी वर्षं पाहत होते आणि मला काही दिसलं नव्हतं.

"अण्णा, उजव्या कानानं ऐकू येत नाही का तुम्हाला?" मी त्यांच्या डावीकडे जाऊन विचारलं.

"न्हाय," ते म्हणाले, कुणी चहात साखर हवी का विचारल्यावर सांगावं तसं. "लई वर्सं झाली."

"कशानं?"

"खिडकी. उजव्या बाजूला खिडकी, उघडी. वारं, हॉर्न, आनि समोरनं येनारे ट्रक. रिटायर झाल्यावर फोन उजव्या कानाला लावला तवा कळलं, कुनी बोलतंच न्हाय."

"मग दाखवलं का नाही?"

"एक हाय की अजून. त्येच्यावर भागतंय."

मला गंमत वाटली आणि वाईटही वाटलं. गंमत अशी की विमानात मी सहवैमानिक म्हणून उजव्या सीटवर, आणि बसमध्ये ड्रायव्हरही उजव्याच सीटवर. दोघांच्या कामानं दोघांचा एकेक कान घेतला होता, फक्त निराळा. वाईट अशासाठी की माझ्या कानासाठी औषधं, डॉक्टर, रजा, सगळं होतं. त्यांचा कान कधी गेला हे त्यांनाही नक्की सांगता आलं नसतं.

दिवस जात होते आणि कान तसाच होता. पाण्यात डोकं बुडवल्यासारखं एका बाजूनं. माझी चिडचिड वाढली. मग एका सकाळी मला शिकवणीतली गोष्ट आठवली. उतरताना कान बसला आणि सोसेना, तर विमान पुन्हा थोडं वर न्यायचं. वर बाहेरचा दाब कमी होतो, आत ओढलेला पडदा सैल पडतो, वाट उघडायला संधी मिळते. मग सावकाश खाली यायचं. मला विमानात पाऊल टाकायला मनाई होती. पण तामलवाडीच्या पुढं घाट होता. विमानाच्या हिशेबात घाट म्हणजे काहीच नाही, एक पायरी. पण अगदीच काही नसण्यापेक्षा बरा.

"तुळजापूरला जाऊ या," मी म्हटलं.

आईला वाटलं मुलगी ताळ्यावर आली. तिनं लगेच ओटीचं सामान काढलं, खण, नारळ, हळद-कुंकू. तिला देवी हवी होती, मला घाट हवा होता. अण्णांना काय हवं होतं ते बोलले नाहीत. त्यांनी टोपी झटकली आणि फाट्यावर येऊन आमच्याआधी उभे राहिले.

मंगळवार होता, त्यामुळे सोलापूरहून आलेली बस भरूनच आली. नव्या जोडप्यांचे देवदर्शनाचे घोळके, परड्या घेतलेल्या बाया, गळ्यात कवड्यांच्या माळा. आई पुढं बायांच्यात घुसली आणि मिनिटात त्यांची नात्यागोत्याची झाली. मागं एक दोघांची सीट रिकामी होती. अण्णा आधी शिरले आणि खिडकीशी बसले. मी त्यांच्या उजवीकडे. बसल्यावर लक्षात आलं की हे तर सगळंच उलटं झालं. माझा बंद डावा कान त्यांच्या बाजूला आणि त्यांचा बंद उजवा माझ्या बाजूला. जागा बदलू या, असं मी खुणेनं म्हटलं. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, ड्रायव्हर माणूस, घाट बघायचा असेल खिडकीतून.

घाट लागला. ड्रायव्हरनं गिअर उतरवला तसा अण्णांचा डावा पाय जागच्या जागी दाबला गेला, तिथे क्लच नसताना. मी कानाकडे लक्ष लावून बसले. पहिल्या वळणाला काही नाही. दुसऱ्याला आत कुठंतरी किंचित सैल झाल्यासारखं वाटलं, पण मला ते मनाचे खेळ वाटले. शरीर थापा मारतं हे मला माहीत होतं, आणि आशा लागली की ते जास्तच मारतं. मी थुंकी गिळली. जबडा हलवला. शेजारच्या सीटवरच्या बाई माझ्याकडे काळजीनं बघायला लागल्या.

घाट चढून बस वर आली आणि पुढून कुणीतरी हाळी दिली, "आई राजा उदो उदो!" सगळी बस ओरडली, "उदो उदो!" पुन्हा हाळी, पुन्हा सगळी बस. लहानपणी मीही अशीच ओरडायची. कॉलेजात गेल्यावर सोडून दिलं, मग विसरलेही. त्या दिवशी मी ओरडले. भक्ती होती का ते मला सांगता येणार नाही. चिडचिड होती, भीती होती, इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं होतं. तिसऱ्या ‘उदो’ला तोंड पुरतं वासलं गेलं, घसा आतून ताणला गेला, आणि डाव्या कानात ‘टक्’ असा आवाज झाला.

एकदम सगळं आत आलं. इंजिन, बांगड्या, काचांची थरथर. आवाजांना पुन्हा जागा आल्या. मी हे अण्णांना सांगायला वळणार, एवढ्यात माझ्या डाव्या कानावर अण्णांचा आवाज पडला. ते खिडकीबाहेर, जिथून देवळाचा कळस दिसतो त्या बाजूला बघत बोलत होते. गलका थांबला होता आणि त्यांना ते कळलं नव्हतं. ज्याला कमी ऐकू येतं त्याला आपला आवाज किती मोठा आहे याचा अंदाज राहत नाही, आणि माझ्या त्या कानाला काही ऐकू येत नाही अशी त्यांची खात्री होती.

"तिचा उघड, माय," ते म्हणत होते. "बदल्यात माजा राहिल्याला घे. मला आता काय ऐकायचंय? घे त्यो. तिचं सगळं त्येच्यावरच हाय."

मी वळले नाही. समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बसले. खिडकीशी का बसले, ते मला तेव्हा कळलं. मला रडू आलं ते मी ओढणीत पुसलं. थोड्या वेळानं त्यांनी माझ्या खांद्याला हात लावून, तोंडासमोर येऊन मोठ्यानं विचारलं, "काय फरक?"

"उघडला," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले आणि टोपी नीट केली.

आता यात काय झालं ते मला पक्कं माहीत आहे. बाहेरचा दाब थोडा उतरला होता, औषधांनी सूज उतरली होती, आणि जबडा पूर्ण उघडला की कानाच्या त्या वाटेचे स्नायू ताणले जातात. मी हे चित्र काढून समजावू शकते. आईला समजावलंही, प्रसादाचा पेढा खाता खाता, आणि ती म्हणाली, "व्हय व्हय, आनि त्यो दाब कुनी उतरावला?" मी दुसरा पेढा घेतला.

पण हे सगळं माहीत असूनही मी रांगेत उभी राहिले. पुढं गेल्यावर, आईनं ओटी भरली, अण्णांनी हात जोडले, आणि मी मनातल्या मनात, अगदी व्यवहाराचं बोलावं तसं, देवीला म्हणाले, हे बघ, कान हवेनं उघडलाय, तुझा काही संबंध नाही. त्यामुळे अण्णा जे बोलले ते रद्द. त्यांचं काही घ्यायचं नाही. पुजाऱ्यानं "पुढं चला" म्हटलं तरी मी हलले नाही. पुन्हा एकदा म्हणाले, रद्द. मग मागच्या बाईनं ढकललं.

उतरताना मी घाटभर सावकाश गिळत होते. कान उघडाच राहिला. पुढं तपासणीत त्या बंद खोक्यात बसून मी एकेक बारीक आवाज टिपला आणि बटण दाबत गेले. डॉक्टर कागदाकडे बघून "उत्तम" म्हणाले. मी बाहेर आले आणि घरी फोन केला. आईनं फोन अण्णांना दिला. पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. "अण्णा? अण्णा?" मी ओरडले. मग ते म्हणाले, "ऐकतोय, ऐकतोय, बोल की," आणि मला कळलं की ते नुसते गप्प होते.

अण्णांना मी दोन महिन्यांनी सोलापूरला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. उजव्यात आता फार काही होण्यासारखं नाही. डावा वयाच्या मानानं चांगला आहे. यंत्र लावा म्हटलं तर ते म्हणतात, "बघू." मी पुन्हा उडायला लागले आहे. ढगात शिरले की कान पूर्वीसारखाच थापा मारतो आणि मी तबकडीकडे बघते.

तबकडीशिवाय काही मानायचं नाही, असं मला शिकवलंय आणि मी ते पाळते. तरी घरी गेले की पहिल्या दिवशी मी एक काम करते. अण्णा बाजेवर बसलेले असतात. मी चपला काढून, आवाज न करता त्यांच्या डाव्या बाजूनं, पण मागून जाते, जिथून मी त्यांना दिसणार नाही. थोडी लांबच थांबते. आणि अगदी हळू, ओठातल्या ओठात म्हणते, "अण्णा."

ते मान वळवतात. मग मी पुढं जाऊन बसते.